पाठमोरी मोहिनी

अल थुमामा, दोहा
१२ सप्टेंबर २०२२

ती. दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू पत्र फाडणार नाहीस, असं गोविंदराव फोनवर म्हणाले. आबांच्या वेळेपासून आपल्या दशावतारी कंपनीत मृदंग वाजवणारा माणूस, तुझ्या मांडीला मांडी लावून बसणारा, माझ्याशी खोटं कशाला बोलेल? म्हणून लिहिते. माझा आवाज तुला चालत नाही, अक्षर चालतं, हेही त्यांनीच सांगितलं. ठीक आहे. बहिणीचा कुठला तरी भाग चालतो हे काय कमी आहे!

घरचं आधी उरकते. मी बरी आहे. देवव्रत गॅस कंपनीतच आहेत, आणि पुण्याचे असल्यामुळे दशावताराला अजून तमाशाच म्हणतात. लेक पूर्णिमा, आपली पूनी, बारावीला आहे. झालं घरचं.

आता काम. इथे वर्ल्ड कप तोंडावर आलाय. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून नवं स्टेडियम दिसतं, अरबी पोरांच्या विणलेल्या टोपीसारखं. ज्या देशांच्या टीम येणार त्यांचे गाण्या-नाचाचे कार्यक्रम आतापासूनच सुरू होतायत, आणि मी ज्या इव्हेंट कंपनीत आहे तिच्याकडे जपानचा एक कार्यक्रम आलाय. त्यांच्या दिग्दर्शिका हायाशीबाई. यांची हल्लीची नाटकं तू बघायला हवीस. लाकडाचे दोन ठोकळे एकमेकांवर आपटून प्रवेश सुरू होतो, तोंडावर पिढ्यानपिढ्यांचे तांबडे-काळे पट्टे, आणि लगेच मागून गिटार. कित्येकदा मुख्य पात्र माणूस नसतंच. पडद्यावर कार्टून असतं. ते नाचतं, गातं, समोरच्या पोरांशी गप्पा मारतं, आणि पोरं त्याच्यासाठी तिकिटं काढून रांगा लावतात.

बाईंना त्या कार्टूनसमोर एक खराखुरा नट हवाय, पुरुष असून बाईचं काम करणारा. असे नट त्यांच्याकडे घराण्याने आहेत. पण इथे त्यांना दुसऱ्या देशाचा हवा. त्यांनी तुझा मोहिनीचा व्हिडिओ पाहिला. कुठून पाहिला ते मला ठाऊक नाही. मी फक्त गोष्ट सांगितली: असुराला वर मिळालाय, ज्याच्या डोक्यावर हात ठेवेल तो भस्म, मोहिनी त्याला म्हणते माझ्यासारखा नाच, तो वेडा नक्कल करत जातो, आणि शेवटी ती आपलाच हात आपल्या डोक्यावर ठेवते. बाई खुर्चीतून उठून उभ्याच राहिल्या. भस्मासुर पडद्यावर, मोहिनी तू. देवांची नावं इथे पोस्टरवर घालायची नाहीत, म्हणून नाव नुसतं ‘नर्तकी आणि असुर’.

आबांना शेवटी दिलेला शब्द मला माहीत आहे, मीही त्याच खोलीत होते. आपल्या माणसाने बाईबरोबर रंगमंचावर उभं राहायचं नाही. तर तसं काही नाही. समोर चित्र आहे.

आणि ते जुनं प्रकरण मी यात आणणार नाही. तू तापाने फणफणला होतास, मोहिनी कोण करणार म्हणून मी तोंड रंगवून बसले होते, आणि तू उठून तेलाच्या फडक्याने सगळ्यांदेखत माझं तोंड पुसलंस आणि त्याच तापात उभा राहिलास. ते मी मध्ये आणणार नाही. बघ, आणलंच. ते सोडून उत्तर दे.

नमी

---

अल थुमामा
४ ऑक्टोबर २०२२

ती. दादा,

गोविंदरावांचा फोन आला. तू येतोयस! मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून रडले, आमच्या केरळी शिपायाने पाणी आणून दिलं. हे तुला सांगायचं नव्हतं, पण लिहिलं गेलं.

तुझ्या अटी पोचल्या. माझ्या घरी राहणार नाहीस, हॉटेल. माझ्याशी बोलणार नाहीस, जे काय ते गोविंदरावांमार्फत. तुळशीच्या लग्नाच्या आत घरी, कारण मग जत्रा सुरू. सगळं मान्य. कार्यक्रम तीन नोव्हेंबरला आहे, चारला तुझं परतीचं विमान. पण यायचं ऑक्टोबरमध्येच. एक नोव्हेंबरपासून सामन्यांचं कार्ड असल्याशिवाय पाहुण्याला देशात घेणार नाहीत. विमान चुकलं तर खलास. तू नाहीस तर कार्यक्रम नाही, दुसरा कोणी ऐनवेळी आणता येणार नाही.

तुझे प्रश्न. जपानी लोक तुझ्या भाषणाचा कागद मागतायत, त्यांना भाषांतर पडद्यावर दाखवायचं आहे. मी सांगितलं की आमच्यात कागद नसतो, गोष्ट ठरलेली असते आणि बोलणं तोंडाला येईल ते.  शेवटी ठरलं की बोलणं थोडं, नाच जास्त.

चित्र तुझी नक्कल कशी करणार? कॅमेरे असतात. तुझी हालचाल टिपून कॉम्प्युटर ते चित्र हलवतो. आपोआप होतं.

तो भस्मासुर पुरुष की बाई, असं तू विचारलंस म्हणे. चित्राला काय बाई नि बुवा, दादा! निळा आहे, दोन शिंगं आहेत.

येताना कोकमं आण. मला नको, तुझ्यासाठी. इथल्या जेवणाने तुझा घसा बसेल.

नमी

---

अल थुमामा
१९ ऑक्टोबर २०२२

दादा,

हे पत्र तुला मिळणार नाही. लिहून झालं की फाडणार आहे. पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, आणि ज्याच्यापासून लपवायचं त्यालाच सांगावंसं वाटतंय.

चित्र आपोआप हलत नाही. आत माणूस असतो. अंगाला घट्ट बसणारा काळा पोशाख घालून, सांध्यासांध्याला बटणासारखे सेन्सर लावून पडद्यामागच्या खोलीत उभा असतो, आणि रंगमंचावरचा नट त्याला समोरच्या टीव्हीवर कॅमेऱ्यातून दिसतो. तो हात उचलतो, चित्र हात उचलतं. भस्मासुराच्या आत आपली पूनी आहे.

ती लहानपणापासून या जपानी कार्टूनमध्ये वाढली. टीव्हीवर अरबीत लागायची ती, ही भाषा न कळता बघायची. मग हळूहळू जपानीच शिकली, कुठे क्लास नाही काही नाही. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते. चारचौघांत तोंड उघडत नाही ही मुलगी, शाळेच्या गॅदरिंगमध्ये कधी उभी राहिली नाही. पण निवड होती तेव्हा त्या काळ्या पोशाखात शिरली आणि पडद्यावरचं ते भूत असं काही उड्या मारायला लागलं की मी ओळखलंच नाही. शहरभरच्या पोरापोरींतून हिला घेतलं.

ती अजून सज्ञान नाही, म्हणून कागदावर सही आम्ही दोघांनी केली. त्यात एकच मोठी अट आहे: आत कोण आहे हे कोणाला सांगायचं नाही. बरोबरच्या नटालासुद्धा नाही, कार्यक्रमाआधी नाही आणि नंतर नाही. सांगितलं तर काढून टाकतील. मी हायाशीबाईंना विचारलं, एवढं काय त्यात? तेव्हा कळलं. त्यांचे आजोबा बायकांची कामं करणारे नट. बाईंना लहानपणीच सगळं येत होतं, पण तिथेही त्या रंगमंचावर बाईला उभं राहायला बंदी. मग त्यांनी आपलं असं नाटक काढलं जिथे आत कोण हे विचारायचंच नाही.  मला त्या बाईंचा हेवा वाटला, खरं सांगते.

व्हिडिओ मीच पाठवला होता, मीच कधीतरी मागच्या बाजूने काढलेला.

आणखी एक केलंय. बाईंनी बजावलं होतं की आतल्याला नाच आधी माहीत नको, नक्कल ही नक्कलच दिसली पाहिजे. आणि मी? सोफा भिंतीला सरकवून पूनीला आबांचा पूर्ण नाच बसवून दिला, गिरकीसकट. मे महिन्याच्या सुट्टीत पोरांकडून पुढच्या इयत्तेची पुस्तकं संपवून घेणारी आपली जात. राहवलंच नाही. ती म्हणाली, ‘आई, धिस इज चीटिंग.’ मी म्हटलं, तयारी आहे.

तुला कळलं तर तू रंगमंचावरून उठून जाशील. मी फोडलं असं बाईंना कळलं तर त्या पूनीला काढतील. दोन्हीकडून पोरगी मरते. तरी मी हे करतेय, कारण मला एकदा बघायचंय. आपल्या घरातली मुलगी आणि तू, एका रंगमंचावर, आबांचा नाच.

फाडते आता.

---

अल थुमामा
२९ ऑक्टोबर २०२२

ती. दादा,

तुझं हॉटेल माझ्या घरापासून गाडीने जवळ आहे, तरी पत्र लिहितेय. असं या गावात कोणी केलं नसेल.

विमानतळावर तू माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिलास. काही हरकत नाही, पलीकडे भिंतभर फुटबॉलपटूचं चित्र होतं. पण पूनी पाया पडली तेव्हा तिच्या पाठीवर हात ठेवलास. ‘मराठी येता मा गे तुका?’ म्हणालास. ती म्हणाली, ‘थोडं थोडं, मामा.’ मग विचारलंस, शाळा सोडून काय करतेस? ‘नथिंग मच,’ म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलंच नाही. 

गोविंदरावांबरोबर डबा पाठवतेय. घावणे आहेत. तुझ्या अटींत घावण्यांचा उल्लेख नव्हता.

तालमीचं सांगते, नीट वाच. हॉल अल दुहैलच्या एका शाळेतला आहे. तू प्रेक्षकांकडे तोंड करून नाचायचं, असुर तुझ्या मागे पडद्यावर असेल. कॅमेरा पडद्याच्या वरच्या काठावर लावलाय, असुराचे डोळे असतात तिथे. बाईंचा हट्ट आहे की असुराला जेवढं दिसतं तेवढंच टिपलं जावं. म्हणजे त्याला तुझी पाठच जास्त दिसते. लाइट आणि कॅमेरे बघणारा डेन्झिल वसईचा आहे, काही अडलं तर त्याच्याशी मराठीत बोल. तो तुला अंकल म्हणतो, चिडू नकोस.

असुर शिकाऊ आहे असं समज. त्याला सांभाळून घे.

नमी

---

अल थुमामा
१ नोव्हेंबर २०२२, संध्याकाळ

ती. दादा,

तू असा निघून जायला नको होतंस.

मी बाजूला दुभाषी म्हणून उभी होते, सगळं पाहिलं. ठोकळे वाजले. गोविंदरावांनी मृदंगावर थाप टाकली. निळा असुर पडद्यावर आला, गालांवर तांबडे पट्टे, डोळे बशीएवढे. तू हात पसरलेस, त्याने पसरले. तू मान तिरकी केलीस, त्याने केली. जपानी पोरं हसायला लागली, अंधारात डेन्झिलची शिट्टी आली. तुझ्या तोंडावर हसू होतं, मी ते पाहिलं. तुला मजा येत होती.

लय चढली. आता आबांची गिरकी येणार हे मला ठाऊक होतं. तू अजून पाय उचललाही नव्हतास. आणि असुराने गिरकी घेतली. तुझ्या आधी.

नटाला असुर दिसावा म्हणून समोर बाजूला एक छोटा पडदा लावला होता, त्यात तू ते पाहिलंस. पाय तसाच राहिला तुझा. मृदंग थांबला. तू वळून त्या मोठ्या पडद्याकडे बघत उभा राहिलास आणि तो असुरही हात खाली सोडून तुझ्याकडे बघत उभा राहिला. मग तू विचारलंस, ‘भितुर कोण आसा?’

हायाशीबाईंनी माझ्याकडे पाहिलं, काय म्हणतायत म्हणून. मी इंग्रजीत सांगितलं की तुला पाणी हवंय.

पाणी आलं. तू तो ग्लास हातात घेतलास आणि माझ्याकडे बघितलंस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडे. मग ग्लास खाली ठेवून पायातली घुंगरं सोडलीस.

दादा, यंत्र कधी कधी पुढे जातं. डेन्झिल म्हणतो असं होतं. उद्या पुन्हा तालीम आहे. आजपासून पाहुण्यांना दारं बंद झाली, तुझ्या जागी मी आता कोणाला आणू? तिकिटं संपली आहेत. यल्ला, चल आता, झालं गेलं विसर आणि उद्या ये.

नमी

---

अल थुमामा
२ नोव्हेंबर २०२२

दादा,

गोविंदराव सकाळी दारात उभे राहिले, चहाही घेतला नाही. तुझा निरोप त्यांनी तुझ्याच आवाजात सांगितला: ‘माका नाव होया. नायतर मी घराक जातंय.’

मी त्यांना थांबवून हे लिहितेय.

कालच्या पत्रात मी खोटं लिहिलं. त्याच्या आधीच्यांतही लिहिलं. चित्र आपोआप हलत नाही, त्याच्या आत माणूस आहे. व्हिडिओ मी पाठवला. पाण्याचं तर तुला ठाऊकच आहे.

नाव मात्र सांगणार नाही.

तशी त्यांची रीत आहे, आणि मी सही केली आहे. तू आबांना शब्द दिलास तो आजवर पाळलास ना? मग माझा शब्द का मोडायला सांगतोस? माझा शब्द बाईचा म्हणून हलका?

आतल्या माणसाने काल घरी जाऊन, म्हणजे त्याच्या घरी जाऊन, जेवण टाकलं. ‘डोन्ट टेल हिम, प्लीज. मी प्रॉमिस केलंय,’ एवढंच बोलत होतं ते माणूस. आपण घोटाळा केला असं त्याला वाटतंय. घोटाळा त्याचा नाही, त्याला पुढचं शिकवून ठेवणारीचा आहे. बाईंनी त्याला विचारलं की तुला पुढचा नाच कसा माहीत होता. त्याने मला वाचवायला खोटं सांगितलं, म्हणे इंटरनेटवर पाहिला. असा गुणी असुर तुला दुसरा मिळणार नाही.

आणि आता खरं बोलू? तुला नाव नकोच आहे. तू ओळखलंयस. ती गिरकी जगात दुसऱ्या कुठल्या घरात घेतात? तुला ते माझ्या तोंडून ऐकायचंय, म्हणजे मी फसवलं असं म्हणून उठता येईल. शपथ शाबूत, दोष नमीचा. नाही. या वेळी तुझं तू ठरव. यायचं असेल तर ओळखून ये. जायचं असेल तर ओळखून जा, आणि कंपनीत सगळ्यांना सांग की तू कोणाला टाकून आलास.

आजची तालीम मी रद्द केली, बाईंना सांगितलं की तुझं अंग दुखतंय. त्यांनी नुसतं विचारलं, उद्या येतील ना? मी म्हटलं, इन्शाल्ला. इथे त्याचा अर्थ बहुतेक ‘नाही’ असाच होतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

उद्या पाच वाजता गाडी हॉटेलखाली उभी राहील. आधीचं विमान हवं असेल तर रिसेप्शनवर सांग, माझ्या कंपनीतून करून देतील. मला विचारायची गरज पडणार नाही. मी गाडीत नसेन. तुला चढताना किंवा न चढताना बघायची माझी छाती नाही.

मला भीती वाटतेय, दादा. माझ्यासाठी नाही. ती मुलगी एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कशापुढे तरी उभी राहिलीय.

नमी

---

अल थुमामा
६ नोव्हेंबर २०२२

दादा,

काल तुळशीचं लग्न झालं असेल. तू वेळेत पोचलास हे गोविंदरावांनी कळवलं. माझ्याकडे कुंडीतली तुळस आहे, तिला ऊस मिळाला नाही, फिलिपिनी दुकानातला बांबू लावला.

त्या दिवशी पाच वाजून गेले तरी फोन नाही. मी हॉलच्या दारात उभी होते. प्रेक्षक यायला लागले, जपानी कुटुंबं, आपली मंडळी, कतारी पोरं पांढऱ्या कपड्यांत आणि डोक्यावर कार्टूनची शिंगं लावून. हायाशीबाई सारख्या घड्याळ बघत होत्या. मग डेन्झिल धावत आला. म्हणाला, ‘आंटी, अंकल मागल्या दारानं आले. बसलेत रंग लावत.’ मी आत आले नाही. रंग लावताना तुझ्यासमोर यायचं नाही एवढं मला कळतं.

मी पहिल्या रांगेत बसले, बाईंच्या शेजारी. तुला पहिल्यांदा समोरून बघत होते. लक्षात आलं का तुझ्या? आपल्या घरातल्या पोरींनी समोर बसायचं नाही हा आजीचा नियम. बाप लुगडं नेसून बाई होतो ते लेकीने बघू नये. म्हणून जत्रेत मी कंपनीच्या भाकऱ्या थापायला मागे, आणि आबा उभे राहिले की मागच्या पडद्याच्या फटीला डोळा. आबांची मोहिनी मी तशीच पाहिली. नंतर तुझीही. सगळी पाठमोरी. तशीच पाठ केली आणि तशीच पूनीला दिली. हे मी कोणाला कधी सांगितलं नव्हतं.

नाच चढत गेला. आता गिरकी. पूनीने या वेळी वाट पाहिली, पडद्यावर तो निळा असुर अगदी खुळ्यासारखा थांबला होता. आणि तू गिरकी अर्धीच घेतलीस. घेऊन थांबलास, प्रेक्षकांकडे पाठ करून.

बाईंनी माझा हात धरला. त्यांच्या आजोबांनीही असं कधी केलं नसेल, भर नाचात माणसांना पाठ! गोविंदराव तोच बोल घोळवत राहिले. मला वाटलं, संपलं. आता हा घुंगरं सोडणार. मला तुझं कोपर तेवढं वर जाताना दिसलं, जे मी लहानपणापासून बघत आलेय. आबा कोपर डौलात उचलतात आणि मग हात डोक्यावर नेतात, एवढंच मला माहीत होतं.

तू तसाच उभा राहिलास, वर कॅमेऱ्याकडे तोंड करून. मग असुराने गिरकी घेतली. त्याचं तोंड आमच्याकडे होतं. त्याने कोपर उचललं, आणि दोन बोटांनी नाकातली नथ सावरली.

नथ नव्हती त्याला. निळं नाक, त्यावर काही नाही. हॉलभर हसू फुटलं, पोरांनी टाळ्या पिटल्या. मी रडत होते. आबा नथ सावरायचे, दादा! नाकापर्यंत हात नेऊन मोहिनी लाजते, असुर लाजतो, आणि तोच हात पुढे डोक्यावर जातो, म्हणून तो फसतो. इतकी वर्षं मी कोपर उचलत होते आणि पुढे काय चाललंय ते मला ठाऊकच नव्हतं. आबांचा तो हात मी पहिल्यांदा पाहिला, तो एका जपानी भुताच्या तोंडावर.

मग तू वळलास, हात डोक्यावर नेलास, असुर पेटला, पडदाभर लाल ज्वाळा, ठोकळे वाजले. लोक उभे राहिले.

विमानतळावर गोविंदराव मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘दादा म्हणता, पाठ बरोबर आसा. पुढचा तिका कोणी दाखवल्यानच नाय.’

हे ऐकून मी पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिले. पाठ बरोबर आहे आणि पुढचं माहीत नाही, एवढ्यावरून तुला कळलं की ती कोणाकडून शिकली. म्हणजे फटीमागे मी असायचे हे तुला ठाऊक होतं. नाचताना ठाऊक होतं. माझं तोंड पुसलंस त्या दिवशीही ठाऊक होतं. मला किती येतं ते तुला तेव्हाच माहीत होतं, दादा, आणि तरी तू पुसलंस. मला तुझा इतका राग आला, आणि त्याच वेळी असंही वाटलं की एवढी वर्षं मी अगदीच एकटी नव्हते त्या पडद्यामागे. दोन्ही खरं आहे. कुठलं मोठं ते ठरत नाही.

पूनीला काही बोलले नाही. ती आरशासमोर नथ सावरतेय दोन दिवस. बाईंनी तिला पुढच्या वर्षीसाठी विचारलंय, नाव न सांगताच. गोविंदराव म्हणाले की तू निरोप दिलास, ‘चेडवाक जत्रेक धाड.’ परीक्षा झाल्या की येईल ती. तिला मराठीतून काय काय विचारायचंय, यादी काढायला बसलीय.

तिला बोलावलंस. मला नाही.

तू शपथ मोडलीस की नाही ते तुझं आणि आबांचं. चित्रासमोर नाचलो म्हणशील, आत कोण ते मला कुठे सांगितलं म्हणशील, आणि मीही तशीच साक्ष देईन. पण मी येईन तेव्हा मध्ये चित्र नसेल. तोंड रंगवून येईन, सगळ्यांच्या देखत, आणि नाव विचारलं कोणी तर सांगेन.

मला मोहिनी हवी आहे, दादा. तू भस्मासुर कर.

नमी